तीन हजारांत मशीन येईल, तपासणी कुठून येणार?

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना एकदाच ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. त्यातून काठी, कमरेचा पट्टा, श्रवणयंत्र, जे हवं ते घ्या. काठीचं ठीक आहे हो. पण कानाचं मशीन असं दुकानातून उचलून लावायची वस्तू नाही! नुसता आवाज वाढवणारं यंत्र आणलं की भांडी, पंखा, रिक्षा सगळं अंगावर येतं आणि नातवाचं बोलणं तसंच पुसट राहतं. महिनाभरात मशीन कपाटात. वर घरचे म्हणतात, आजोबाच हट्टी.

म्हणून मंडळी, आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, कधी कधी कानात नुसता मळ असतो. मग ऑडिओलॉजिस्टकडून ऑडिओग्राम. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कुठे ऐकू येत नाही, फोनवर, देवळात की चारचौघांत, ते घरूनच लिहून न्या. रोज ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांनाही सोबत घ्या. घरी वापरून बघायला देणार का, नंतरचं सेटिंग किती वेळा फुकट, हे पैसे देण्याआधीच विचारा.

मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था तरी आहे. गडचिरोलीच्या आजीने कुठे जायचं? पैसे दिलेत, चांगलं केलंत. आता ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी ऑडिओलॉजिस्ट बसवा. आमदारसाहेब, पुढच्या शिबिराच्या बॅनरवर त्याची तारीख टाका, फोटो जरा लहान झाला तरी चालेल.