विश्लेषण : कोकमाने खरेच वजन घटते का? मथळा काय सांगतो, संशोधन काय म्हणते?

एप्रिल-मे महिन्यांत मालवण-वेंगुर्ल्याच्या अंगणांत रातांबे फोडून सोलं वाळत घातली जातात. त्याच सुमारास मोबाइलवर ‘कोकम प्या, चरबी वितळवा’ अशा धाटणीचे मथळे फिरू लागतात. सोबत ‘संशोधनातून सिद्ध’ असा शेराही असतो. संशोधन झाले आहे, हे खरे. पण त्यातून सिद्ध झाले ते वेगळेच.

दावा आला कुठून?

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल (एचसीए) असते. कोकमाच्याच कुळातील कुडमपुळी, म्हणजे गार्सिनिया कंबोजिया, केरळात माशाच्या कालवणात घालतात. तिच्यातील मुख्य आम्ल हेच असल्याचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवले. जास्तीच्या साखरेपासून चरबी तयार करण्यात शरीरातील ज्या विकराचा वाटा असतो, त्याला हे आम्ल रोखते, असे १९६९ मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातील प्रयोगांत आढळले. पुढे हे आम्ल दिलेल्या उंदरांचे वजनही कमी वाढले. इथवरचे विज्ञान चोख आहे. मथळा मात्र परीक्षानळी आणि उंदरावरून थेट माणसाच्या पोटावर उडी मारतो.

माणसांवर काय दिसले?

‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेल्या १३५ जणांना १२ आठवडे कमी उष्मांकाचा, तंतुमय आहार देण्यात आला. निम्म्यांना रोज दीड ग्रॅम एचसीए असलेला गार्सिनियाचा अर्क मिळाला, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, तर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य ठरला. वजन घटले ते आहारामुळे.

अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये आला. त्यात अर्काच्या बाजूने जेमतेम ०.८८ किलोचा फरक निघाला आणि काटेकोर चाचण्याच विचारात घेतल्या, तर तोही उरला नाही.

तरी गोळ्या खपल्या कशा?

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील डॉ. मेहमेट ऑझ यांच्या कार्यक्रमातून गार्सिनियाची भलामण झाली. वजन घटवणाऱ्या उत्पादनांच्या फसव्या जाहिरातींवर २०१४ मध्ये सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली, तेव्हा त्यांना याबाबत प्रश्न विचारले गेले. दरम्यान, अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आल्या.

सोलकढीला हे लागू होते का?

या चाचण्या बहुतांशी दुसऱ्या झाडाच्या फळाच्या अर्कावर झाल्या, जेवणानंतरच्या वाटीभर सोलकढीवर नाही. त्यामुळे सोलकढीने वजन घटते, असे त्यांतून निघत नाही आणि सोलकढी यकृताला घातक आहे, असेही नाही.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची. सरबतासाठी रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात. मधुमेह असलेल्याने ‘कोकम औषधी’ म्हणून रोज दोन पेले प्यायल्यास पोटात जाते ती मुख्यतः साखर. आगळ मिठावर टिकते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि सुक्या मासळीतून व लोणच्यांतून ती मर्यादा आधीच गाठलेली असते. रक्तदाब असलेल्याने हा हिशेब मांडायलाच हवा. मथळ्याच्या भरवशावर कोणी रोजची गोळी थांबवली, तर नुकसान खरे असते.

मथळा वाचताना काय पाहावे?

● प्रयोग कोणावर झाला : परीक्षानळीत, उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर आणि किती दिवस?

● दिले काय : अख्खे फळ की त्यातील एका घटकाचा अर्क?

● तुलना कशाशी : दुसऱ्या गटाला काय दिले होते?

● फरक किती : ‘दुप्पट घट’ म्हणजे अर्ध्या किलोची एक किलो झाली की पाचाची दहा?

● बातमीखाली काही विकायला ठेवले आहे का?

कायदा काय सांगतो?

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये संमत झाला. लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब हे विकार त्याच्या यादीत आहेत. ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई आहे. मात्र, फॉरवर्ड होणाऱ्या संदेशाला जाहिरातदाराचे नाव नसते. म्हणून चाळणी वाचणाऱ्यालाच लावावी लागते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आगळ, सोलं आणि सरबत विकून कोकणातील अनेक घरांना हंगामी उत्पन्न मिळते. हा माल चवीवर खपतो. त्याच्या बाटलीवर ‘वजन घटवते’ असे छापले, तर पहिल्या वर्षी खप कदाचित वाढेल. पण काटा न हललेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी सरबतही घेणार नाही. बाटलीवर साखर आणि मीठ किती, हे ठळक छापणे उत्पादकाच्याही हिताचे आहे.