तारा निघाल्यानंतरचे माप

नातवंडांच्या दातांवरच्या तारा निघाल्या की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. दीड-दोन वर्षांच्या फेऱ्या झाल्या, खर्च झाला, चिक्की आणि भुट्ट्यावरची बंदी उठली. दात मात्र त्या दिवशी नव्या जागी नुसते आलेले असतात, स्थिरावलेले नसतात, हे वाचकहो, आपण ध्यानी घ्यावे.

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो. हाड आणि मूळ यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंची झोळी असते व दात तीत तोललेला असतो. तारेच्या दाबाने एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूस नवे तयार होते. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हिरडीतले लवचीक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. रिटेनर द्यावा लागतो तो यासाठीच.

हे सरकणे इतके संथ असते की रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते कळत नाही; त्याला मापच हवे. अमेरिकेतील सिएटलचे दंततज्ज्ञ रॉबर्ट लिटल यांनी 1975 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. खालच्या पुढच्या सहा दातांमध्ये एकमेकांना भिडण्याच्या पाच जागा असतात. प्रत्येक जागी शेजारचे दोन दात परस्परांपासून किती मिलिमीटर ढळले आहेत ते मोजून बेरीज करायची. शून्य म्हणजे आदर्श रांग, तीनपर्यंत किरकोळ, दहा म्हणजे फारच वेडीवाकडी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 65 जणांची मापे प्रसिद्ध केली. रिटेनर थांबवून किमान दहा वर्षे लोटली होती आणि सुमारे दोन-तृतीयांश लोकांची खालची रांग पुन्हा असमाधानकारक झाली होती. कोणाची बिघडेल, हे आधी सांगता येईल अशी एकही खूण त्यांना सापडली नाही. आपल्या मुलाचे दात ‘तसे होणार नाहीत’ असे गृहीत धरण्यास म्हणूनच आधार नाही.

ती मापे प्लास्टरच्या साच्यांवर कॅलिपरने घेतलेली होती. आता तोंडात पेनाएवढा स्कॅनर फिरवून दातांची त्रिमित प्रतिकृती संगणकावर घेता येते. घशाशी उमाळा आणणारा तो मापाचा लगदा टळतो, हेही काही थोडे नव्हे. दोन्ही रीतींच्या मापांतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा, उपचारात दुर्लक्षिण्याजोगा असतो. खरा लाभ तुलनेत आहे. तारा निघाल्या त्या दिवसाची प्रतिकृती आणि वर्षानंतरची प्रतिकृती एकमेकींवर ठेवून कोणता दात किती व कुठे सरकला हे पाहता येते. वरच्या जबड्यात टाळूवरच्या वळ्या फारशा बदलत नाहीत, त्यांचा आधार घेतात. खालच्या जबड्यात असा भरवशाचा आधार बहुधा मिळत नाही. तिथे दातांची आपसांतली मापेच अधिक कामी येतात.

तेव्हा तारा निघतील त्याच दिवशी स्कॅन किंवा साचा घेण्याची विनंती करा व त्याची प्रत मागून घ्या. पहिले मापच नसेल तर पुढच्या मापाची तुलना कशाशी करणार? आम्हां देवळीकरांना वर्ध्याच्या वाटेवरच सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. चौकशीसाठी दूर जावे लागत नाही. घरच्या घरी करण्याची परीक्षा एकच: रिटेनर घालताना घट्ट वाटू लागला, तर दात सरकले आहेत. तो बळेच दाबू नये, त्याच आठवड्यात दाखवावे. दातांमागे चिकटवलेली तार एखाद्या दातावरून सुटली तरी तोंडात जागेवरच राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. रिटेनर गरम पाण्यात धुऊ नये, रुमालात गुंडाळून ठेवू नये. कवळी सांभाळणाऱ्या आजोबांनी हे नातवाला शिकवावे. आणि ‘अक्कलदाढेने पुढचे दात ढकलले’ हा सर्वत्र ऐकू येणारा समज संशोधनात टिकलेला नाही.

आता आजोबांविषयी. ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटी करतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. साठीनंतर वरच्या पुढच्या दातांत पूर्वी नसलेली फट दिसू लागली, दात पुढे झुकले, तर मात्र गोष्ट वेगळी. हिरडीच्या आजाराने हाड झिजत असण्याची ती खूण असू शकते, आणि मधुमेह ताब्यात नसेल तर हा आजार बळावतो. अशा रुग्णाला मी रक्तातील साखर तपासायला सांगतो आणि दंतवैद्याकडे धाडतो. जुने छायाचित्र सोबत न्यावे. बदल किती झाला हे त्यावरूनही बरेच कळते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची अर्धी कवळी कित्येकदा आजारपणात काढून ठेवली जाते व महिनोन्‌महिने डब्यात राहते. तेवढ्यात रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात. मग ती बसत नाही म्हणून घरी कानशीने घासू नका. दंतवैद्याला बोलवा किंवा कवळी बरोबर घेऊन रुग्णाला दाखवा.