उजवा हात आणि हिरवी चटणी



मुदत ठेवी, वारसनोंदणी, मृत्युपत्र असे विषय घेऊन मी या सदरातून आपल्या भेटीस येत असतो. आजचा विषय हिरव्या चटणीचा आहे. निवृत्त बँक अधिकाऱ्याने चटणीवर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु जुन्या हिशेबात चूक सापडली की ती झाकून न ठेवता नोंदवावी आणि दुरुस्त करावी, ही सवय नोकरीने लावली आहे. ही चूक माझी स्वतःची आहे आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ माझ्याच घरात पडून होती.

गेल्या पौषात सौ. गच्चीच्या पायरीवरून घसरल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर व्यायाम, आणि जोर लावून ढकलण्याचे काम यापुढे टाळावे, असा डॉक्टरांचा सल्ला मिळाला. सूनबाई नोकरी सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक करू लागल्या. आपलाही काही हातभार लागावा म्हणून मी म्हणालो, “चटणीचे काम माझ्याकडे द्या.” थंडीचे दिवस होते, बाजारात कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी होती. चटणीत अवघड ते काय, अशी माझी समजूत होती.

जुडी धुतली, पुदिना देठांसकट घेतला, मिरच्या, मीठ, लिंबू आणि पेलाभर पाणी असे सर्व एकदमच मिक्सरच्या भांड्यात घातले आणि तीन-चार मिनिटे यंत्र चालू ठेवले. झाकण काढले तेव्हा भांडे कोमट लागत होते. चटणी पातळ झाली होती आणि जेवणाची वेळ होईतो शेवाळी दिसू लागली. चवीला कडवट. सौ.नी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा तिला लावला, खाल्ला आणि काही न बोलता ताटातील चटणी बाजूला सारली. मी म्हणालो, “मिक्सरची चटणी अशीच होणार. तिला चव नसतेच.”

त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “हे तुम्ही पूर्वीही म्हणाला होता.”

केव्हा, ते मला आठवेना. त्यांना आठवत होते. 1991 साली आम्ही हप्त्यावर मिक्सर घेतला. नव्या यंत्रातील पहिली चटणी पानात पडली तेव्हा मी म्हणालो होतो, “पाट्यावरची सर हिला नाही.” एवढे बोलून मी शाखेत निघून गेलो. त्या दिवसापासून घरातील हिरवी चटणी पाट्यावरच वाटली गेली. मिक्सर इतर वाटणांसाठी राहिला. वरवंट्याचा तो लयीतला आवाज मी वर्षानुवर्षे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचताना ऐकत आलो. खरे सांगायचे तर तो मला आवडतही असे. पन्नाशीनंतर त्यांचे मनगट दुखत असे, हेही मला त्याच दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी मी पाटा मागितला. सौ. शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. “अहो, मीठ आधी,” ही पहिली सूचना. खडे मीठ, जिरे आणि मिरच्या यांपासून आरंभ करावयाचा. मिठाच्या कणांमुळे मिरचीची साल लवकर फाटते. मग डाळे, आणि पाने सर्वांत शेवटी. पाने आधी टाकली तर ती वरवंट्याखालून घसरत राहतात आणि उगाच फार वेळ चिरडली जातात. “खाली दाबू नका, पुढे ढकला.” दहा मिनिटांत माझी कंबर भरून आली, वीस मिनिटांनी मनगट बोलू लागले. पाट्याला बरेच दिवसांत टाकी लागलेली नव्हती, त्यामुळे गुळगुळीत दगडावर जोर अधिक लागत होता. टाकी लावणारा आता गल्लीत येत नाही, हेही सौ.नीच सांगितले.

त्या रात्री सवयीप्रमाणे मी हिशेब मांडला. आमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. म्हणजे वर्षातील सुमारे 35 आठवडे हिरवी चटणी होते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, म्हणजे आठवड्याला एक तास. वर्षाचे 35 तास. तीस वर्षांचे 1050 तास. बँकेतील आठ तासांच्या दिवसाने भागले तर 131 दिवस होतात. माझ्या एका वाक्यावर त्यांनी 131 कामाचे दिवस खर्च केले आणि त्याची नोंद घरात कोठेही नव्हती.

आता प्रश्न असा उरला की माझे ते वाक्य निदान खरे तरी होते काय? याचा शोध घ्यावा असे ठरवले आणि सौ.च्या देखरेखीखाली मिक्सरचे काम पुन्हा हाती घेतले. जे कळले ते क्रमाने सांगतो.

पान चिरडले की त्याच्या पेशी फुटतात. आतील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संबंध येतो आणि पानांतीलच विकरांमुळे ती काळपट होऊ लागतात. कापलेले सफरचंद तपकिरी होते त्याचाच हा प्रकार. दुसरे असे की पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबटपणामुळे ते निघून जाते आणि रंग शेवाळी होतो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने घडते. मिक्सरचे पाते अतिशय वेगाने फिरते, घर्षणाने भांडे तापते आणि भरपूर हवाही आत मिसळते. मी तर लिंबूही आधीच घातले होते. सारांश, चटणी बिघडण्यास लागणारी प्रत्येक गोष्ट मी एकाच वेळी पुरवली होती. कडवटपणाचा मोठा वाटा पुदिन्याच्या जून देठांचा आणि त्याच्या अवास्तव प्रमाणाचा होता. यातील एकाही दोषाची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही.

चार माणसांच्या एका दिवसाच्या चटणीसाठी आमचे प्रमाण आता असे ठरले आहे: निवडलेली कोथिंबीर 100 ग्रॅम, पुदिन्याची नुसती पाने 20 ते 25 ग्रॅम, हिरव्या मिरच्या तीन किंवा चार, डाळे दोन मोठे चमचे, जिरे व मीठ प्रत्येकी अर्धा लहान चमचा, पाव चमचा साखर, चिमूटभर हिंग आणि अर्ध्या लिंबाचा रस. आपल्याकडे लसूण व आले नसते. त्यांची उणीव हिंग आणि जिरे पुष्कळ अंशी भरून काढतात. आल्याचा तिखटपणा हवाच असेल तर चिमूटभर सुंठ पुरते. डाळे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चटणी पानात पाणी सोडत नाही. दही मिसळावयाचे असेल त्या दिवशी डाळे वगळून ओले खोबरे घ्यावे. द्विदलाचा नियम आपणांस सांगावयास नको.

कोथिंबिरीची कोवळी देठे टाकू नयेत, त्यांत सुवास भरपूर असतो. पुदिन्याची देठे मात्र टाकावीत. जुडी चिरण्यापूर्वी निवडावी. प्रत्येक काडी उजेडात धरून पाहावी, पानांच्या मागच्या बाजूस बारीक जीव असतात. मोठ्या भांड्यात गाळलेले पाणी घेऊन पाने त्यात बुडवावीत, थोडा वेळ ठेवून वरच्या वर उचलून घ्यावीत आणि पाणी बदलून पुन्हा तसेच करावे. भांडे चाळणीत ओतले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. नंतर स्वच्छ पंचावर पाने पसरून निथळू द्यावीत.

मिक्सरचे सर्वांत लहान भांडे घ्यावे. प्रथम डाळे, जिरे, मीठ, साखर, हिंग आणि मिरच्या भरड करून घ्याव्यात. मग पाने मोठी चिरून घालावीत आणि माठातील गार पाणी केवळ दोन-तीन मोठे चमचे घालावे. यंत्र सलग चालवू नये. दोन-तीन सेकंद फिरवावे, थांबावे, बटण बंद करून कडेचे वाटण चमच्याने खाली घ्यावे, पुन्हा फिरवावे. असे सात-आठ वेळा केले की काम होते. लिंबाचा रस चटणी वाटीत काढल्यावर, वाढण्याच्या वेळी मिसळावा. एवढे पथ्य पाळले की चटणी हिरवीगार राहते आणि भांडे कोमटही होत नाही.

ज्यांच्या घरी मिक्सर नाही, किंवा वीज गेली आहे, त्यांनी दगडी खलबत्ता वापरावा, क्रम पाट्याचाच. पितळी खलबत्ता मात्र कोरड्या कुटण्यासाठी ठेवावा, कारण त्यात लिंबू पडले की चटणी कळकते. पाटा, खल, मिक्सर यांपैकी काहीच हाताशी नसेल तर धारदार सुरीने पाने अगदी बारीक चिरून त्यात दाण्याचे जाडसर कूट, मीठ आणि लिंबू कालवावे. तीही चटणीच होते आणि दशमीबरोबर फार चांगली लागते.

आमच्या नातीने मध्येच विचारले, “आजोबा, पाने वाटून खाणे आपल्याकडेच आहे का?” तिच्या वडिलांनी शहरातील एका दुकानातून पेस्तोची बाटली आणली होती, ती मी तिला दाखवली. पेस्तो हे इटलीतील जेनोवाचे हिरवे वाटण. आपल्या सब्ज्याच्या जातीची पाने, चिलगोज्यासारखा एक सुका मेवा, ऑलिव्ह तेल, मीठ, लसूण आणि चीज हे ते लोक संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटतात. नावाचे मूळही ‘कुटणे’ या क्रियेतच आहे. त्यातील पारंपरिक चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात, ही गोष्ट उपाहारगृहात पेस्तो मागवणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावी. बाटली तशीच परत गेली. परंतु खलाचा आग्रह धरणारी माणसे जगात इतरत्रही आहेत हे ऐकून नातीस मौज वाटली, आणि तिनेच परीक्षेचा बेत काढला.

एका रविवारी एकाच जुडीचे दोन भाग केले. एक मी पाट्यावर वाटला, दुसरा सूनबाईंनी वरील रीतीने मिक्सरमध्ये. नातीने दोन सारख्या वाट्यांत चटणी भरून काकडीच्या चकत्यांवर लावली आणि मला डोळे मिटावयास सांगितले. मी दोन्ही चाखल्या आणि पूर्ण विश्वासाने पहिलीकडे बोट दाखवले. “ही पाट्यावरची. चव लपत नाही.”

ती मिक्सरमधली होती.

सौ.नी मात्र अचूक ओळखली. कशावरून, असे विचारता म्हणाल्या, “चवीवरून नाही. पाट्यावरची जिभेला थोडी रवाळ लागते, देठाचा धागा राहतो. चवीत काही फरक नाही.”

“मग इतकी वर्षे पाट्यावर का वाटत राहिलीस?”

“तुम्हांला ती आवडते, असे तुम्ही म्हणाला होता.”

वाचकहो, या उत्तरावर माझ्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. 1991 साली ती चटणी का बिघडली, हे पाहण्यास पाच मिनिटे लागली असती. भांडे तापले होते काय, पाणी अधिक पडले होते काय, हे मी विचारले नाही. शाखेत एखाद्या लिपिकाची बेरीज चुकली तर मी त्याच्या शेजारी बसून आकडा शोधत असे. घरी मी फक्त शेरा मारला आणि निघून गेलो. शेरा मारणाऱ्याने तो विसरावा आणि ऐकणाऱ्याने तीस वर्षे पाळावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आपल्या घरीही असे एखादे जुने वाक्य कोणीतरी पाळत असेल. “घडीच्या पोळ्याच हव्यात”, “शेवया घरच्याच बऱ्या” असे काहीतरी आपण सहज बोलून गेलेले असतो. माझ्या वयाच्या गृहस्थांना विनंती एवढीच, की एकदा घरात बसून विचारावे. आणि ती वस्तू खरोखरच तशी हवी असेल, तर निदान आठवड्यातून एकदा ती स्वतः करून पाहावी.

आमच्याकडे आता रोजची चटणी मिक्सरमध्ये होते आणि ती वाटण्याचे काम माझ्याकडेच आहे. रविवारी मी हौसेने पाटा काढतो. त्यासाठी परगावाहून टाकी लावून घेतली, मग दोनदा खडे मीठ आणि तांदूळ वाटून दगडाची कच काढली. सौ.चे मनगट बरे आहे, वाटी उचलण्यापुरते. त्या खुर्चीवर बसतात, चाखतात आणि निकाल देतात. गेल्या रविवारचा निकाल असा होता: “मीठ जरा जास्त झाले. पण पानात राहणार नाही.”

ती खरोखरच राहिली नाही.