छपरावरचा कापूस

मूर्तिजापुरास आमच्या बैठकीत गेल्या दिवाळीपासून एक जपानी चित्र टांगलेले आहे. मूळ चित्र परवडण्याजोगे नाही. ही एका स्नेह्याने आणून दिलेली छापील नक्कल. जड, उतरत्या छपरांची चार घरे, काळ्या लाकडांच्या भिंती, आणि सगळ्यांवर पांढरे-पांढरे काही साचलेले. येणारा-जाणारा ‘छान आहे’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. परवा मात्र दार दुरुस्त करायला आलेले सुतारबुवा हातात पटाशी धरून त्याच्यापुढे थबकले.

“भाऊ, ह्या छपरायवर कापूस वाळू घातला व्हय?”

मला हसू आले. पण बुवांचे चुकले कुठे? धाब्यावर काय वाळत नाही आपल्याकडे! मी म्हणालो, “बुवा, तो बर्फ आहे. आणि खरे विचाराल तर बर्फही नव्हे. तो कोरा कागद आहे. फळीवरचा तेवढा भाग कोरून खाली नेला, तिथे शाई लागली नाही. झाला बर्फ!”

बुवा आणखी जवळ सरकले. “म्हंजे हे लाकडावरून छापलं?”

मग मला सगळे सांगावे लागले. जपानात हे काम जुन्या रीतीने तिघे मिळून करीत. एक चित्र काढी, दुसरा ते चेरीच्या फळीवर कोरी, तिसरा छापी. आणि तिघांना कामाला लावणारा प्रकाशक चौथा. प्रत्येक रंगाला बहुधा वेगळी फळी. कागद दर खेपेला नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खुणेच्या खाचा. छापायला यंत्र नाही. रंगात तांदळाची खळ, वर तुतीच्या जातकुळीतल्या झाडाच्या सालीचा कागद, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल गादी हाताने घासायची. कावासे हासुई (१८८३–१९५७) हा चित्रकार गावोगाव हिंडून पाऊस, बर्फ, चांदणे टिपून आणी आणि वातानाबे शोझाबुरो हा प्रकाशक ते असे छापवून घेई.

आमच्या भिंतीवरचे चित्र ज्याचे, तो साइतो कियोशी (१९०७–१९९७) दुसऱ्या पंथाचा. चित्र, कोरणे, छापणे, तिन्ही आपल्याच हाताने. १९५१ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले. पण मला त्याची थोरवी वाटते ती निराळ्याच गोष्टीत. आइझू हा त्याचा जन्मप्रांत, आणि तो सुटला अगदी लहानपणी. पुढे हा माणूस आइझूकडे पुन्हा-पुन्हा वळला आणि तिथल्या हिवाळ्याचे शंभरावर ठसे त्याने कोरले. म्हातारपणी तर तिकडेच राहायला गेला.

बुवांचे लक्ष मात्र निराळ्याच जागी. आभाळावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, हे रेशे फळीचेच व्हय.” अगदी बरोबर! साइतो लाकडाच्या रेषा लपवीत नसे, त्यांनाच आभाळ करी. अनेक जण पाहून गेले; ते ओळखले पटाशी धरणाऱ्याने.

जपानचे आणि वऱ्हाडचे तसे नवे नाते नाही. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई–कोबे बोटी सुरू झाल्या आणि हिंदी कापसाच्या गाठी तिकडच्या गिरण्यांत जाऊ लागल्या. तिकडून हिरोशी योशिदा हा ठसे करणारा चित्रकार १९३०–३१ च्या सुमारास मुलाला घेऊन आपल्याकडे आला. अजिंठा-वेरूळची लेणी त्याने लाकडात उतरविली. पाहुणा लेणी पाहणारच. घरचे घर घरच्यांनीच पाहायचे असते.

आणि आम्ही काय पाहिले? माझे बाळपण ज्या धाब्याच्या घरात गेले, ते पाडून तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली. लाकडी सरांवर काटक्या, त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात रात्री त्यावर निजायचे. त्या घराचे एकही चित्र माझ्याजवळ नाही. नातवाला दाखवायचे तर हातवारे करावे लागतात.

शकुंतलेचेही तेच. किलिक निक्सन कंपनीची ही अडीच फुटी रुळांची गाडी. मूर्तिजापुराहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. कापूस वाहण्यासाठी ती घातली. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे इंजिन १९९४ पर्यंत धूर सोडीत होते. आता गाडीच थांबली आहे, रुळांत गवत माजले आहे. फोटो पुष्कळ निघाले, नाही असे नाही. पण फोटो क्षणात निघतो. ठसा कोरणाऱ्याला प्रत्येक छप्पर, प्रत्येक कुंपण बोटांखालून घालवावे लागते. तेवढा वेळ आपण आपल्या गावाला दिला नाही, ही खंत.

दार बसवून बुवा निघाले. उंबऱ्यावर थांबून पुन्हा चित्राकडे वळले.

“भाऊ, आपल्या शकुंतलेचं असं काहून नाई काढलं कोनं?”

मला उत्तर सुचले नाही. बुवांनी मजुरी घेतली, पटाशीची धार अंगठ्याने पाहिली आणि म्हणाले, “सागाची एक फळी पडून हाय घरी. आंब्यापेक्षा बरी कोरता येईन.”

दिवाळी झाली की त्यांच्याकडे जाणार आहे. चित्र मला काढता येत नाही. पण नातवाला येते.