ऋण दाब आणि पिंपळाचे पाणी

काशीचा अहिल्याबाई घाट मराठी वाचकास परका नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकर यांनी तो बांधविला. काशीच्या अशा जुन्या दगडी बांधकामांच्या सांध्यांत पिंपळ मूळ धरतो आणि पाहता पाहता त्याची पाने चिऱ्यांच्या कितीतरी वर सळसळू लागतात. इतक्या उंचीवर पाणी चढते कसे, असे शाळेतील मुलास विचारले तर ‘मुळे पाणी शोषून घेतात’ हे पाठ उत्तर मिळते. ते अपुरे आहे. आणि पुढे ‘दाब शून्याहून कमी असूच शकत नाही’ हे वाक्य त्याच्या जोडीस आले, म्हणजे खऱ्या उत्तराची वाटच बंद होते.

हे वाक्य वायूंपुरते खरे आहे. वायूचे रेणू एकमेकांस धरून राहत नाहीत. जागा मिळाली की विखुरतात. विहिरीवरील पंपात पाणी वर येते ते बाहेरच्या हवेच्या रेट्याने, आणि हा रेटा पाण्यास सुमारे १०.३ मीटरांपलीकडे उचलू शकत नाही. (खोल विहिरीत शेतकरी पंप खाली उतरवून बसवितो, तो याचसाठी.) कॅलिफोर्नियात मात्र ११० मीटरांहून उंच रेडवुड वृक्ष उभे आहेत.

द्रवाची गोष्ट निराळी. पाण्याचे रेणू परस्परांस घट्ट धरून असतात, म्हणून पाण्यास दोराप्रमाणे ताण देता येतो. हा ताण म्हणजेच ऋण दाब. फ्रान्समध्ये बर्थेलो याने १८५० साली काचेच्या बंद नळीतील पाणी तापवून नळी पूर्ण भरू दिली व मग ती थंड केली. आकसू पाहणारे पाणी काचेस न सोडता ताणलेलेच राहिले. १९५० साली अमेरिकेत ब्रिग्ज याने केशनलिका वेगाने फिरवून सुमारे २७० वातावरणांइतका ताण पाण्यास दिला. अशा पाण्याचे गुणधर्मही पालटतात. त्याची घनता किंचित घटते. नेहमी ४ अंश सेल्सिअसला आढळणारी महत्तम घनता २०० वातावरणांच्या ताणाखाली सुमारे ८ अंशांवर सरकते. बुडबुड्यास मात्र थारा मिळता कामा नये. तो धरला की पाण्याचा धागा तुटलाच.

पानांतून बाष्प उडते आणि खालचा हा धागा वर ओढला जातो, असे १८९४ साली डब्लिन येथे डिक्सन व जोली यांनी मांडले. जगदीशचंद्र बसूंनी १९२३ च्या ग्रंथात याचे श्रेय जिवंत पेशींच्या स्पंदनास दिले. तो तर्क रम्य होता, पण टिकला नाही. १९६५ साली शोलँडर व त्याच्या सहकाऱ्यांनी डहाळ्यांतील ताण प्रत्यक्ष मोजला.

तेव्हा पाठ्यपुस्तकांतील ते वाक्य वायूंपुरते मर्यादित करावे, आणि झाडाविषयी ‘शोषणे’ या क्रियापदाशेजारी ‘ओढणे’ हे क्रियापद यावे. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. शोषणाची कल्पना मुलास पंपाकडे नेते आणि तेथेच अडकवून ठेवते. उदाहरणास रेडवुडपर्यंत जावयासही नको. १९६६ साली मिलबर्न व जॉन्सन यांनी सुकत चाललेल्या पानांना ध्वनिग्राहक लावून पाण्याचे धागे तुटतानाचे टकटक आवाज ऐकले. ती पाने आपल्या बांधावरच्या एरंडाची होती.