खालच्या पेठेतील नळांना येणारे गटारमिश्रित पाणी तातडीने बंद करणेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : खालच्या पेठेतील जुनी जलवाहिनी व गटारातून गेलेल्या नळजोडण्या बदलणे, तसेच शेवटच्या नळावर पाण्याची तपासणी करणेबाबत.

संदर्भ : १) गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दिलेला सामूहिक अर्ज. २) त्यानंतर दिलेली स्मरणपत्रे. ३) लोकशाही दिनी मांडलेली तक्रार. ४) पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांची स्थळपाहणी.

महोदय,

आम्ही जुन्या वेशीपासून ओढ्यापर्यंतच्या गल्ल्यांतील रहिवासी आपणांस पुन्हा एकदा निवेदन देत आहोत. यापूर्वीच्या अर्जांच्या पोच आवक विभागाच्या शिक्क्यानिशी आमच्याकडे आहेत. त्यांपैकी एकाचेही लेखी उत्तर आजवर आलेले नाही. तोंडी उत्तरे मात्र प्रत्येक वेळी मिळाली आणि ती आम्ही लिहून ठेवली आहेत. पिण्याच्या पाण्याचे नियम, मानके आणि शासननिर्णय आपल्या कार्यालयाला ठाऊक आहेत, म्हणून त्यांची उजळणी येथे करीत नाही. आमच्या नळाला काय येते आणि ते का येते, एवढेच सांगतो.

आमच्या भागात एक दिवसाआड, पहाटे साडेपाचच्या सुमारास पाणी सोडले जाते. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे येणारे पाणी काळपट असते आणि त्याला गटाराचा वास येतो. पावसाळ्यात त्यात अळ्याही दिसतात. नंतर हळूहळू पाणी निवळते. वेशीजवळच्या घरांना पाऊण तास पाणी मिळते, त्यामुळे ती पहिले पाणी अंगणात किंवा संडासात ओतून देतात. ओढ्याकडच्या घरांचे तसे नाही. उतारावर असूनही जुनी वाहिनी आतून बुजल्यामुळे तिथवर धार पोहोचते ती जेमतेम वीस मिनिटे. त्या घरांनी पहिले पाणी फेकले, तर दोन दिवस भरायचे काय? म्हणून ते घाण पाणीच फडक्याने गाळून, तुरटी फिरवून भरून ठेवले जाते. फडक्याने गाळ निघतो आणि तुरटीने तो तळाशी बसतो. काविळीचा विषाणू यांपैकी कशानेही मरत नाही. पाणी उकळणे हाच उपाय आहे हे आम्हांला समजते. परंतु सहा-सात माणसांच्या घरात रोजचे पिण्याचे पाणी उकळायचे, तर सिलिंडर महिनाभर पुरत नाही. ही घरे रोजंदारीवर जाणाऱ्यांची आहेत.

आमच्या प्रत्येक तक्रारीवर पाणीपुरवठा विभागाने एकच उत्तर दिले आहे : जलशुद्धीकरण केंद्रावरचा नमुना चांगला आहे, जलकुंभावरचाही चांगला आहे. साहेब, हे आम्ही कधीच नाकारलेले नाही. केंद्रातून निघणारे पाणी शुद्ध आहे असेच आम्ही मानतो. ते बिघडते आमच्या गल्लीत, जमिनीखाली. येथील मुख्य वाहिनी जुन्या ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पाइपची असून तिचे सांधे ठिकठिकाणी सुटले आहेत. तिच्यावरून घराघरांत गेलेले लोखंडी पाइप रस्त्याकडेच्या गटारातूनच गेले आहेत. काही ठिकाणी ते गटाराच्या पाण्यात पूर्ण बुडालेले दिसतात, गंजून त्यांना भोके पडली आहेत आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत. पाणी चालू असते तेव्हा आतला दाब बाहेरची घाण अडवतो. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते, दाब उतरतो, आणि पुढचे जवळजवळ दोन दिवस गटाराचे पाणी त्याच भोकांतून आत झिरपत राहते. पुन्हा पाणी सुटले की तेच सर्वांत आधी आमच्या हंड्यात पडते. हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्या विभागाचे चावीवाले हे रोज पाहतात, आणि त्यांनी वरिष्ठांना सांगितलेही आहे.

तरीही आम्ही तपासून पाहिले. आमच्यातील एक गृहस्थ निवृत्त आरोग्यसेवक आहेत आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट त्यांनी नोकरीत वर्षानुवर्षे केलेली आहे. वेशीजवळच्या नळावर नळीतले पाणी पिवळे होते. ओढ्याकडच्या शेवटच्या नळावर पहिल्या पाण्यात नळीला रंगच येत नाही. पाणी संपत येते तेव्हा फिकट पिवळी छटा दिसते. त्याच पाण्यासाठी विष्ठेतील जंतू ओळखणारी चाचणीची बाटलीही वापरली, आणि ती दुसऱ्या दिवशी काळी पडली. जलकुंभात टाकलेला क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत उरत नाही, याचा अर्थ वाटेत शिरलेली घाण तो खाऊन टाकते. या नोंदी आम्ही अभियंत्यांना दाखवल्या, तेव्हा घरगुती चाचणी ग्राह्य धरता येत नाही असे सांगण्यात आले. ठीक आहे. मग आपण ग्राह्य धराल अशी चाचणी त्याच नळावर, त्याच वेळी आपण करावी, ही विनंती आम्ही तेव्हाच केली होती. त्यावर नमुना घेतला गेला, पण तो दिवसा अकराच्या सुमारास आणि शाळेच्या नळावरून. शाळेचा नळ छतावरच्या टाकीचा आहे आणि शाळा वेशीच्या वर आहे. त्या नमुन्याचा ‘पिण्यास योग्य’ हा अहवाल आता आमच्या प्रत्येक अर्जासमोर ठेवला जातो. तो अहवाल आमच्या पाण्याचा नाही.

काविळीबद्दल अधिक लिहिणे भाग आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गल्ल्यांत एकामागून एक घरात कावीळ झाली आहे. कोणाची रोजंदारी बुडाली, कोणाच्या मुलांची परीक्षा हुकली, तर खासगी दवाखान्याच्या बिलापायी एका कुटुंबाने बाईचे मंगळसूत्र गहाण ठेवले. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींना त्यांच्या आयांनी दिवस भरत आलेले असताना सासरी परत पाठवले. ज्या घरात पहिलटकरणीचे कौतुक व्हायचे, तिथून तिला पाण्याच्या भीतीने पाठवावे लागते, यापेक्षा मोठी तक्रार आमच्याकडे नाही. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांमध्ये बहुधा बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाते. आपल्या आरोग्य विभागाला हे माहीत आहे. गरोदर महिलांची स्वतंत्र यादी करून त्यांना सुरक्षित पाणी देऊ, असे आश्वासन लोकशाही दिनी देण्यात आले होते. अशी यादी करायला आमच्या गल्लीत अद्याप कोणीही आलेले नाही.

काविळीचे रुग्ण दिसू लागल्यानंतर पाण्याचा नमुना घेऊन काही हाती लागत नाही, हेही नोंदवतो. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तोवर गळती एखाद्या वेळी बुजलेली असते आणि पाणी निवळलेले असते. ‘आता पाणी स्वच्छ आहे’ या वाक्याने मागच्या महिन्यातले पाणी स्वच्छ ठरत नाही.

क्लोरीनचे प्रमाण वाढवतो, असे आपल्या विभागाने दोनदा सांगितले. ते अवश्य वाढवावे, परंतु त्यावर विसंबू नये. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेवरच्या वझिराबाद येथील उपशात सांडपाणी शिरले. तेथील यंत्रणेने तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही, पण काविळीने सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. जंतूंना पुरेसा पडलेला क्लोरीन त्या गढूळ पाण्यातल्या विषाणूला पुरला नाही. आपल्याच राज्यात इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची साथ पाहिली. हजारो माणसे आजारी पडली आणि मृत्यूही झाले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव आणि किरकटवाडी भागात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशयाची पहिली सुई पाण्याकडेच वळली आणि मग रात्रंदिवस पथके फिरली. ती धावपळ रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचल्यानंतरची होती. आमच्या शहरावर ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही आधीपासून सांगत आहोत.

आता रस्त्याबद्दल. पहिल्या अर्जातच आम्ही लिहिले होते की गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार आहे. त्याआधी वाहिनी बदलून घ्यावी. अभियंता साहेब पाहणीला आले, त्यांनी पिवळ्या रंगाने खोदाईच्या खुणा केल्या आणि दिवाळीपूर्वी काम सुरू होईल असे सर्वांसमक्ष सांगितले. दिवाळीनंतर निधीची अडचण सांगण्यात आली. मार्चनंतर अंदाजपत्रक तयार आहे, तांत्रिक मंजुरी बाकी आहे, असे सांगण्यात आले. पुढे आचारसंहिता आली. आचारसंहिता उठली आणि आधी रस्ता झाला. त्या पिवळ्या खुणा काँक्रीटखाली गेल्या. आता वाहिनीसाठी खोदाई मागितली की रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत तो फोडता येणार नाही, असे उत्तर मिळते. ज्या कार्यालयाने रस्ता केला, त्याच कार्यालयाकडे वाहिनीचा अर्ज पडून होता. या चुकीची किंमत आमच्या घरांनी आणखी काही पावसाळे मोजावी, हे आम्हांला मान्य नाही.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की वेशीपासून ओढ्यापर्यंतची जुनी वाहिनी बाद करून नवी वाहिनी टाकावी, आणि सर्व नळजोडण्या गटारातून काढून गटाराच्या वरून किंवा स्वतंत्र आवरणातून न्याव्यात. मध्ये रस्ता फोडायचा नसेल तर दोन्ही कडांनी लहान व्यासाच्या दोन वाहिन्या टाकता येतील. गटार ओलांडणारे पाइप त्याने आपोआप कमी होतील आणि काँक्रीटला बहुतांश धक्का लागणार नाही. हा पर्याय आम्ही मागेही सुचवला होता. जोडणी बदलण्याचा खर्च नळधारकाने करावा असे विभागाचे म्हणणे असेल, तर ज्यांना शक्य आहे ते करतील; ओढ्याकडच्या घरांकडून तो मागू नये. कामाचा आदेश, ठेकेदार आणि पूर्णत्वाची तारीख आम्हांला लेखी कळवावी. ‘लवकरच’ हा शब्द आम्ही यापुढे उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.

दुसरी मागणी तपासणीची. काम पूर्ण होईपर्यंत ओढ्याकडच्या शेवटच्या नळावर, पाणी सुटल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत, रहिवाशांसमक्ष ओटी टेस्ट व्हावी आणि तिची नोंद गल्लीतील फलकावर लागावी. त्याच नळाचा नमुना दर आठवड्याला जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत जावा. नमुना घेणारा कर्मचारी पहाटे यायला हवा. पाणी पहाटे येते.

तोपर्यंत ओढ्याकडच्या घरांना पिण्यासाठी टँकर द्यावा, तोही आतून धुतलेला आणि क्लोरीन तपासलेला. गरोदर महिलांची यादी आशा सेविकांमार्फत याच आठवड्यात करावी.

नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणाऱ्यांवर कारवाई करावी. मोटारीमुळे वाहिनीतला दाब आणखी उतरतो आणि घाण आत खेचली जाते. ती घरे आमच्या गल्लीतली असली, तरी आम्ही मध्ये पडणार नाही.

याशिवाय जलकुंभ धुतल्याची तारीख त्यावर रंगवावी. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पोती ओलीत ठेवू नयेत. दूषित पाण्याच्या काळातील पाणीपट्टीबाबत विचार व्हावा. चावीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक गल्लीत लावावा.

या निवेदनावर १५ दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख न मिळाल्यास आम्ही सर्व कुटुंबे, महिला व मुलांसह, पहाटेच्या पहिल्या पाण्याने भरलेले हंडे घेऊन आपल्या कार्यालयासमोर धरणे धरू. त्या दिवशी आपण व आपले अभियंते कार्यालयात उपस्थित असावेत, ही आगाऊ विनंती. उत्तर वेळेत आले आणि कुदळ पडली, तर खोदाईच्या काळातली गैरसोय आम्ही आनंदाने सोसू आणि कामगारांना लागेल ते सहकार्य करू.

सोबत : पूर्वीच्या अर्जांच्या पोच, गटारातील नळजोडण्यांची छायाचित्रे, ओटी टेस्टच्या नोंदी, रहिवाशांच्या सह्या.

आपले,
खालच्या पेठेतील समस्त रहिवासी

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी