नावावर जाऊ नका, ठसा बघा

मंडळी, "काल तर चालत होतं!" हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. कोडची एक ओळ कोणी बदललेली नसते, तरी आज बिल्ड फुटतो. मग कोणी कॅश उडवतं, कोणी मशीन रीस्टार्ट करतं, आणि दोन तासांनी कळतं की आपण काही बदललं नाही हे खरं, पण आपण ज्यावर उभे आहोत ते रातोरात बदललं!

याचं कारण अगदी साधं आहे. एनपीएमच्या फाईलीत आवृत्तीच्या आकड्याआधी कॅरेटचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ साधारण असा, की 'ही किंवा हिच्यापुढची कुठलीही चालेल, फक्त पहिला मोठा आकडा बदलू नका'. डॉकरच्या फाईलीत तर सरळ 'लेटेस्ट' लिहून मोकळे होतात लोक. म्हणजे वाण्याकडे 'चांगली डाळ, एक किलो' अशी चिठ्ठी पाठवायची, आणि दर महिन्याला आमटी तश्शीच लागावी अशी अपेक्षा ठेवायची.

तर माझं म्हणणं असं, की आपलं सॉफ्टवेअर ज्या मालातून बनतं त्याची नेमकी आवृत्ती लिहून ठेवणं ही चैन नाही, तो हिशेब आहे. आणि त्यासाठी आवृत्तीचा नुसता आकडासुद्धा पुरत नाही.

का पुरत नाही? गिटमधला टॅग ही एक चिठ्ठी आहे. ज्याच्या हातात रिपॉझिटरी, तो ती काढून दुसऱ्या कमिटवर चिकटवू शकतो. याउलट कमिटचा हॅश हा ठसा आहे. सगळ्या फाईली, मागचा इतिहास, संदेश यांच्यावरून काढलेली ४० अक्षरं. आत एक स्वल्पविराम बदला, ठसा बदलतो.

हे पुस्तकी ज्ञान नाही बरं का. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची 'चेंज्ड-फाईल्स' ही गिटहब ॲक्शन कोणीतरी ताब्यात घेतली आणि तिचे जुने टॅग उचलून एका घातक कमिटवर नेऊन ठेवले. ती वापरणाऱ्या रिपॉझिटरीज होत्या २३,००० च्या वर. ज्यांनी फक्त टॅग लिहिला होता, त्यांच्या बिल्डच्या लॉगमध्ये पासवर्ड आणि टोकन छापले जाण्याची सोय झाली. ज्यांनी आधीच्या चांगल्या कमिटचा पूर्ण हॅश लिहिला होता, त्यांचा बिल्ड निवांत चालू राहिला.

आता यावर ठरलेला आक्षेप येतो, "पिन केलं की सगळं जुनं होऊन बसतं, मग सिक्युरिटीचं काय?" मुद्दा रास्त आहे. पण डिसेंबर २०२१ आठवून बघा. लॉगफोरजेचं भोक उघड झालं आणि त्याच महिन्यात २.१५ पासून २.१७.१ पर्यंत एकामागून एक दुरुस्त्या आल्या. त्या दिवसांत जगभरच्या टीम्सना छळणारा पहिला प्रश्न होता, 'आपण ती लायब्ररी वापरतो का, आणि नेमकी कुठली आवृत्ती?' ज्यांच्याकडे हे लिहिलेलं होतं त्यांनी ते शोधलं, बदललं आणि पुढच्या कामाला लागले. बाकीचे सर्व्हर धुंडाळत बसले. पिन करणं म्हणजे गोठवणं नव्हे. बदल कधी घ्यायचा हे आपण ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो वेळच्या वेळी घ्यायचासुद्धा! रेनोव्हेट, डिपेंडाबॉट हे त्यासाठीच आहेत.

अर्थात पिन म्हणजे रामबाण नाही. पिन सांगतं 'हाच माल', 'चांगला माल' असं नाही. आणि माल दुकानातूनच उचलला गेला तर? मार्च २०१६ मध्ये ११ ओळींचं लेफ्ट-पॅड एनपीएमवरून काढलं गेलं आणि बेबलसारख्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. तिथे उपाय एकच, आपली स्वतःची प्रत ठेवणं.

ठसा कशाचा घेताय हेही बघायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपोआप तयार होणाऱ्या आर्काईव्ह फाईलींची कॉम्प्रेशनची पद्धत बदलली. आतला कोड तोच, पण फाईलीचे बाइट्स वेगळे. साहजिकच चेकसम जुळेनात, बिल्ड धडाधड फुटले, आणि गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला.

असो. करायचं फार नाही. लॉकफाईल गिटमध्ये टाका. सीआयवर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा, म्हणजे लॉकफाईल जुळली नाही तर बिल्ड तिथेच थांबेल. ॲक्शन्सना पूर्ण हॅश लावा, डॉकरच्या इमेजला डायजेस्ट. कंपायलरची आवृत्तीही लिहून ठेवा, ती हमखास विसरली जाते.

कारण एक दिवस असा येतोच, की गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीची रिलीज वापरत असतं आणि त्याला त्यातली एकच ओळ दुरुस्त करून हवी असते. पिन केलेलं असेल तर तुम्ही एक ओळ पाठवता. नसेल तर त्या ओळीसोबत दोन वर्षांत जगाने केलेले सगळे बदल जातात, न वाचलेले, न तपासलेले. आणि त्यांच्यावर सही मात्र तुमची असते.